पद्मिनीला दुसरं इंजिन टाकताय? आधी गिअरबॉक्स बघा

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन बदलायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा बीएचपी, म्हणजे ताकद विचारतात. मी गाडीचं साल विचारतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. तेव्हा गाडी तेवढी जुनी असेल आणि १०८९ सीसीचं मूळ इंजिन शाबूत असेल, तर सिलिंडर बोअर करून घ्या, नवे पिस्टन टाका आणि डोक्यातलं भूत उतरवा.

ऐंशीच्या दशकातली गाडी असेल तर पुढे वाचा.

पद्मिनीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, त्याला मागे गिअरबॉक्स, मग मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट, आणि गाडी मागच्या चाकांवर चालते. स्विफ्टचं इंजिन भंगारात कितीही स्वस्तात मिळो, ते आडवं बसणारं आणि त्याचा गिअरबॉक्स पुढच्या चाकांसाठी केलेला. म्हणून इंजिन एकटं घेऊ नका. इंजिन आणि उभा गिअरबॉक्स, दोन्ही एकाच गाडीतून उतरवलेले घ्या.

माझ्या मते सरळ पर्याय दोनच. प्रीमियर ११८ एनईचं निसानचं ए१२: ११७१ सीसी, ५२ बीएचपी, कार्ब्युरेटरवालं. घरचंच म्हणा, प्रीमियरच्याच गाडीतलं. गिअर मात्र चारच. दुसरं मारुतीच्या ईको व्हॅनचं, २०२२ पर्यंतच्या गाड्यांमधलं जी१२बी: ११९६ सीसी, ७३ बीएचपी, पाच गिअर. पुण्याहून साताऱ्याला वरचेवर जाणाऱ्याने हे घ्यावं. पण ते इंजेक्शनचं आहे; ईसीयू (इंजिनचा संगणक), अख्खं वायरिंग, किल्ली आणि टाकीतला पंप सोबत मागून घ्या. वायरिंग कापून दिलं तर नाना पेठेतल्या जुन्या पार्टच्या बाजारात कितीही गोड बोललं तरी उठून या. शिवाय व्हॅनमध्ये ते सीटखाली बसतं, त्यामुळे एअर फिल्टर आणि पाइपिंग बॉनेटखाली नव्याने मांडावं लागतं.

भोसरीत टूलरूममध्ये माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मापाशिवाय मला चैन पडत नाही. आतला ऐवज काढलेला रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्सचं केसिंग साखळीवर लटकवून आधी बसवून बघा. तळाचं तेलाचं भांडं (संप) चासीच्या आडव्या पट्टीला (क्रॉसमेंबर) लागतं का? पंखा आणि रेडिएटरमध्ये जागा उरते का? गिअरचा लिव्हर सीटच्या तुलनेत नेमका कुठे येतो? मूळ गाडीत तो स्टिअरिंगवर होता, म्हणजे फ्लोअर कापावा लागणार. हे सगळं कळल्यावरच माउंटिंग वेल्ड करायचं.

प्रोपेलर शाफ्टचं माप गाडी जॅकवर असताना घेणारे मेकॅनिक मी पाहिलेत. पाटे लोंबतात, ॲक्सल खाली येतो आणि माप चुकतं. चारही चाकं जमिनीवर ठेवून, आत माणसं बसवून फ्लँज ते फ्लँज, म्हणजे दोन्ही टोकांच्या जोडतबकड्यांमधलं अंतर मोजा. स्लिप जोडाला आत-बाहेर सरकायला जागा सोडा. शाफ्ट कापून जोडल्यावर बॅलन्सिंग हवंच, नाहीतर ताशी साठच्या पुढे सगळी गाडी थरथरते.

ब्रेक चारही ड्रम आहेत हे विसरू नका. ईकोचं इंजिन घेतलंत तर पुढे डिस्कचा खर्च त्याच हिशेबात धरा.

आणि खरेदीच्या आधी पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन लेखी परवानगीचं विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या कागदांची प्रत आणि विक्रीचं बिल जपून ठेवा. ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला, तर भाव विचारूही नका.