मृगाआधी सामू बघा, चुना बघा: नागपूर भागातल्या काळ्या वावरांसाठी मे महिन्याचा सल्ला

पऱ्हाट्या उपटून झाल्या, गहू-हरभरा घरात आला, वावर मोकळं आहे. रोहिणी लागायच्या आत मातीचा नमुना काढून प्रयोगशाळेत पोचवा. जूनमध्ये नेलेल्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत पेरणी उरकलेली असते, खतही पडलेलं असतं, आणि तो कागद मग पुढच्या वर्षीपर्यंत कपाटात पडून राहतो.

अहवाल हाती आला की बहुतेक जण नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) एवढे तीन आकडे वाचतात. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी आधी सामू (माती किती आम्ल की अल्क ते सांगणारा पीएच) आणि मुक्त चुना (मातीत मिसळलेली चुनखडी) हे दोन आकडे बघावेत. यातली अडचण अशी की २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात, पण मुक्त चुना त्यात नाही. तो हवा असेल तर नमुना देतानाच वेगळा तपासायला सांगावा लागतो. जमीन काळी कन्हार असो की मोरांड, नांगराच्या तासात पांढरे खडे वर येत असतील तर ही तपासणी टाळू नका. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर त्या खड्यावर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले म्हणजे चुना आहे. किती आहे ते मात्र प्रयोगशाळाच सांगेल.

सामूचा आकडा नुसता "जास्त" म्हणून सोडून देऊ नका. मातीत चुना असला की सामू साधारण ८.२-८.३ पर्यंत चढतो आणि तिथेच अडतो. अहवालात ८.१ किंवा ८.२ दिसला तर तो चुन्याचा सामू आहे. ८.५ च्या वर गेला तर मात्र सोडियमचा संशय घ्या. पाऊस पडल्यावर पाणी मुरत नाही, वर पापडी धरते, ढेकूळ दगडासारखं होतं, ही चोपण जमिनीची खूण आहे. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) खरं काम करतं ते अशा जमिनीत, म्हणजे अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात. चुन्याच्या जमिनीत जिप्सम टाकलं तर गंधक मिळेल, ते उपयोगाचंही आहे, पण सामू उतरणार नाही. जिप्सम स्वतःच कॅल्शियमचं, त्यानं कॅल्शियमचा चुना कसा जाणार?

"मग गंधक टाकून चुनाच घालवू" असं कुणी म्हणेल, तर हिशोब करून बघा. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो भरतं. त्यात चुना १ टक्का धरला तर ९ हजार किलो झाला. १०० किलो चुना संपवायला ३२ किलो गंधक लागतं, तेही सगळ्या गंधकाचं आम्ल झालं तर. म्हणजे एका टक्क्यासाठी एकरी जवळपास २,९०० किलो. तुमच्या वावरात ८ टक्के निघाला तर २३ टन गंधक आणा! तेव्हा एकरी लिटर-दोन लिटरमध्ये सामू उतरवून देतो म्हणणारी बाटली कुणी दाखवली तर त्याला हा हिशोब ऐकवा. चुना जाणार नाही. त्याच्यासोबतच शेती करायची आहे, आणि ती चांगली होते. फक्त खत किती टाकलं यापेक्षा कुठे, केव्हा आणि कोणत्या रूपात टाकलं याला इथे जास्त किंमत आहे.

स्फुरदाचंच घ्या. सुपर फॉस्फेटमधला किंवा डीएपीमधला (डायअमोनियम फॉस्फेट) स्फुरद पाण्यात विरघळणारा असतो. तो चुन्याच्या मातीत पडला की कॅल्शियमशी जुळतो, थोड्याच दिवसांत कमी विरघळणारा होतो आणि पुढे हळूहळू असा घट्ट होतो की मुळांना त्याचा फारसा उपयोग उरत नाही. खत जितक्या जास्त मातीत मिसळेल तितका तो लवकर अडकतो. म्हणून डीएपी हातानं फेकून वखर फिरवणं हा आपल्या जमिनीत सगळ्यात महागडा प्रकार आहे. खत-बी पेरणी यंत्रानं बियाच्या बाजूला, ४-५ सेंटिमीटर खाली, पट्ट्यात द्या. कपाशीचं टोकण असेल तर तासात खत देऊन माती ओढा, मग बी लावा. स्फुरद मातीत स्वतःहून फारसा सरकत नाही, मुळांनाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. उभ्या पिकात वरून डीएपी टाकून काही साधत नाही ते यामुळेच.

सोयाबीनवाल्यांसाठी एक वेगळा हिशोब. डीएपीच्या एका ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतो, गंधक नसतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ३ पोत्यांत २४ किलो स्फुरद आणि साधारण १६ किलो गंधक मिळतं. सोबत २० किलो युरिया दिला की नत्राचीही बरोबरी झाली. सोयाबीन तेलबियाचं पीक आहे, त्याला गंधक लागतंच. एकरी ८ किलो गंधक दिलं तरी पुरतं, ते या ३ पोत्यांत होऊन वर उरतं. पोती उचलायला जास्त आणि यंत्रात भरायला किचकट, हे खरं. पण जूनमध्ये डीएपीसाठी दुकानापुढे रांग लागते तेव्हा हा पर्याय डोक्यात असू द्या. रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया बुरशीनाशकानंतर करा, आधी नाही.

पालाशाबद्दल थोडक्यात. काळ्या मातीत तो भरपूर असतो हे वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे. अहवालात खरंच भरपूर निघाला तर पैसे वाचवा, नाहीतर द्या.

जस्ताचा आकडा दहा लाख भागांत ०.६ पेक्षा कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट पुरतं, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. मात्र ते डीएपीत किंवा सुपरमध्ये कालवू नका. जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया जातात. शेणखतात मिसळून वेगळं द्या.

लोहाचं गणित याहून वेगळं आहे. मातीत लोह कमी नाही, सामूमुळे ते पिकाला घेता येत नाही. जुलैत झड लागली, वावर चिबडलं की सोयाबीन पिवळं पडतं आणि शेजारी सांगतो, "युरिया मार." आधी पान बघा. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची अडचण. खालची जुनी पानं सगळीच पिवळी होत असतील तर नत्राची. पाणी साचलेल्या चुन्याच्या मातीत हवा खेळत नाही, बायकार्बोनेट वाढतं आणि आत गेलेलं लोहसुद्धा पानाच्या कामी येत नाही. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे चर काढून पाणी बाहेर काढणं. त्यासाठी पेरणीच रुंद वरंब्यावर केली तर निम्मी डोकेदुखी कमी. मग हिराकसाची (फेरस सल्फेट) फवारणी: १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळून घेतलेली निवळी. हिराकस या जमिनीत फेकू नका, काही दिवसांत त्याचा गंज होतो. दुकानात चिलेटेड लोह (लोह मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं) मागताना त्या रसायनाचं नाव विचारा. ईडीटीएचं लोह आपल्या सामूला मातीत टिकत नाही, ते फवारणीसाठी. जमिनीतून किंवा ठिबकमधून द्यायचं तर ईडीडीएचएचंच. ते महाग आहे, त्यामुळे ते संत्र्यालाच परवडतं.

युरियाबद्दल एवढंच, की ८ च्या वर सामू असलेल्या ओल्या मातीवर तो उघडा पडला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. युरियावरचा निंबोळीचा लेप अमोनियमचं नायट्रेट होण्याची पुढची क्रिया मंद करतो, ही उडणारी गळती तो थांबवत नाही. ४५ किलोच्या पोत्यातलं २० किलोच्या वर नत्र पिकाला मिळायला हवं असेल तर ओळीत टाका आणि लगेच डवरा फिरवा.

शेणखत एप्रिल-मेच्या उन्हात वावरात ढीग करून, पसरून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ४५ अंशाच्या उन्हात त्यातलं नत्र उडून जातं, वाळकी काडी तेवढी उरते. ढीग झाकून ठेवा आणि पेरणीआधीच्या वखरणीच्या दिवशीच पसरून मातीआड करा. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाळू नका हे वेगळं सांगायला नको, पण धुऱ्यावरचा काडीकचरा पेटवताना ते हमखास सोबत जातं. सेंद्रिय पदार्थ कुजताना निघणारी आम्लं स्फुरद, जस्त आणि लोह थोडं थोडं मोकळं करत राहतात. चुन्याच्या जमिनीत याला तोड नाही.

याच महिन्यात तलावाचा गाळ उचलणं चालू असतं. बरड, मुरमाड वावरात गाळ टाकला तर ओल धरते, जरूर टाका. पण आधीच खोल काळी माती असलेल्या वावरात गाळ कशासाठी? आणि टाकण्याआधी मूठभर गाळावर व्हिनेगर टाकून बघाच. चुनखडी गाळ ट्रॉलीमागे पैसे देऊन आणायचा आणि मग हिराकस फवारत बसायचं, असं नको. खोल नांगरटीलाही हेच लागू. वरची फूटभर माती चांगली आणि खाली पांढरा थर असेल तर पलटी नांगरानं तो थर वर काढू नका.

नमुना काढताना ओळखीच्याच चुका होतात. धुरा, झाडाखालची जागा, जुना उकिरडा सोडा. एकसारख्या जमिनीत १०-१५ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्या, एकत्र करून चौथाई पद्धतीनं (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो ठेवा. खताच्या पोत्यावर माती पसरू नका. जस्त-लोह तपासायचं असेल तर घमेलं प्लास्टिकचं आणि खुरपं लाकडी किंवा स्टीलचं घ्या.

रामटेक, मौदा, पारशिवनीकडच्या धानाच्या बांध्यांना यातलं सगळं लागू नाही. तिथली माती पुष्कळ ठिकाणी वेगळी, चुना कमी. जस्ताचा आकडा मात्र तिथेही बघा.

संत्र्याची नवी बाग लावायची असेल तर कलमं सांगण्याआधी वावरात दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डा घ्या. दर फुटाची माती वेगळी तपासा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर किंवा दोन-अडीच फुटांवरच पांढरा थर लागला तर त्या तुकड्यात संत्रा नको, तूर-सोयाबीन बरं. मधली परिस्थिती असेल तर रोपवाटिकेत खुंट (ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधतात ते) विचारून घ्या. जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट चुना जास्त सोसतो.