किशोरवयातील खुब्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया: निकाल कसा जोखावा

पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडू मुलाला ‘नेमके कुठे दुखते?’ असे विचारले, की तो पुष्कळदा एका जागी बोट न ठेवता अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात खुबा धरून दाखवतो. दुखणे सांध्याच्या आत असण्याची ही डॉक्टरांच्या परिचयाची खूण आहे. चेंडू (मांडीच्या हाडाचे गोल डोके) आणि उखळी (ते ज्यात फिरते ती कंबरेच्या हाडातील खोबण) यांच्या कडा एकमेकींवर आपटून उखळीच्या काठाची कूर्चा, म्हणजे लॅब्रम, फाटली असेल आणि काही महिने नेटाने फिजिओथेरपी करूनही आराम नसेल, तरच खुब्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा.

होकार देण्यापूर्वी हाडाची ठेवण समजून घ्या, कारण निकाल बव्हंशी तिथेच ठरतो. एक्स-रेवर उखळी चेंडूला किती झाकते याचा कोन मोजतात. तो 20 अंशांहून कमी असल्यास उखळी उथळ असते, आणि अशा खुब्यात नुसता लॅब्रम शिवून भागत नाही. उखळीची दिशा बदलणारी मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. हा कोन किती आहे आणि वाढीची पट्टी (हाड जिथून वाढते तो कूर्चेचा थर) अजून उघडी आहे का, हे संकोच न करता विचारा व फाइलवर लिहून घ्या. (मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखत असेल, तर खुब्याचाही एक्स-रे त्याच दिवशी काढा, चेंडू वाढीच्या पट्टीवरून घसरण्याचा आजार असाच फसवतो आणि त्यात थांबून चालत नाही.)

योग्य निवड झालेल्या मुलांचे दुखणे सहसा लक्षणीय कमी होते आणि बहुतेक जण खेळाकडे परततात. तरीही ‘बरे वाटते’ एवढ्यावर समाधान मानू नका. खुब्याचे दुखणे आणि हालचाल जोखणारी सुधारित हॅरिस गुणपत्रिका 100 गुणांची असते. ती शस्त्रक्रियेपूर्वी भरून घेतली नाही, तर नंतरचे गुण कशाशी ताडणार? सुमारे 8 गुणांची वाढ रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात. सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी ती पुन्हा भरा. शस्त्रक्रियेत पाय ताणून धरल्यामुळे गुप्तांगाजवळ काही काळ बधिरपणा येऊ शकतो. तो बहुधा आपोआप जातो, पण मुलाला आधीच सांगून ठेवा. या वयात लाजेपोटी मुले गप्प राहतात. कडा आपटायला कारण ठरणारा हाडाचा उंचवटा शस्त्रक्रियेत पुरेसा घासला गेला नाही, तर क्वचित दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

पुण्यातील पालकांनी शक्यतो मे महिन्याची सुटी निवडावी, म्हणजे दोन ते चार आठवड्यांच्या कुबड्या पावसाळ्यातील निसरड्या फरशीपूर्वी सुटतील. सर्जन परवानगी देईपर्यंत मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि दुचाकीवर मागे बसणे टाळावे. घरात भारतीय शौचालय असल्यास कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगड दुखणे थांबले म्हणून लगेच चढू नयेत.

खेळ साधारणपणे चार ते सहा महिन्यांनी सुरू होतो. त्याआधी मुलाला आरशासमोर शस्त्रक्रिया झालेल्या पायावर उभे करून गुडघा हळूहळू वाकवायला सांगा. कंबर दुसऱ्या बाजूला कलत असेल, तर मैदानाऐवजी फिजिओथेरपिस्टकडे न्या.