कॅट आणि एमबीए सीईटी : एका परीक्षेची सवय दुसरीत नेण्याची चूक टाळा

महाराष्ट्रातून एमबीए प्रवेशाची तयारी करणारा विद्यार्थी बहुधा दोन परीक्षा देतो : नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी आयआयएमची कॅट आणि त्यानंतर काही महिन्यांनी राज्य सीईटी कक्षाची एमबीए सीईटी. गणित, तर्क आणि इंग्रजी दोन्हीकडे असल्यामुळे ‘कॅटचा अभ्यास झाला की सीईटी आपोआप निघते’ असे सर्रास ऐकू येते, आणि माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ याच समजात आहे. कॅट २०२४ मध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते, तर २०२५च्या सीईटीत १५० मिनिटांत २००. म्हणजे एकीकडे प्रश्नामागे सुमारे पावणेदोन मिनिटे मिळतात आणि दुसरीकडे अवघे ४५ सेकंद. कॅटमध्ये पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले की एक गुण वजा होतो, सीईटीत होत नाही. त्यामुळे पहिली परीक्षा प्रश्न सोडून देता येण्याची आहे आणि दुसरी एकही प्रश्न कोरा न सोडण्याची.

कॅटमध्ये सगळे सोडवण्याचा हट्ट

शाळेपासून ‘पेपर पूर्ण सोडव’ हेच ऐकलेले असल्यामुळे पहिल्या प्रश्नापासून क्रमाने निघण्याची सवय सुटत नाही. तिचा सर्वांत मोठा फटका डीआयएलआर, म्हणजे माहितीचे विश्लेषण आणि तर्क यांच्या, विभागात बसतो. प्रत्येक विभागाला स्वतंत्र ४० मिनिटे असतात आणि वेळ संपली की मागे येता येत नाही. अशा वेळी पहिल्याच सेटमध्ये (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटात) अठरा-वीस मिनिटे अडकलेला विद्यार्थी, पुढे याहून सोपा सेट होता हे परीक्षेनंतर मित्राकडून ऐकतो. सुरुवातीची चार-पाच मिनिटे सगळे सेट वरवर वाचून निवड करण्यात घालवावीत, आणि सहा-सात मिनिटांत तक्ता आकार घेत नसेल तर तो सेट सोडावा. घातलेला वेळ वाया जाईल या भीतीने आणखी वेळ घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे. एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांवरही कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइल, म्हणजे सुमारे ९९ टक्के परीक्षार्थींच्या पुढचे स्थान, मिळालेले आहेत. पर्सेंटाइल आणि टक्के यांतला हा फरक ज्याला उमगला नाही, तो उगाच सगळ्यामागे धावतो.

वजा गुणांची धास्तीही मात्र अवाजवी असते. बरोबर उत्तराला तीन आणि चुकीला वजा एक असताना चारपैकी डोळे मिटून एक पर्याय निवडला, तर सरासरी लाभ शून्य येतो. एक पर्याय नक्की चुकीचा म्हणून बाद करता आला, तर तो प्रश्नामागे एक तृतीयांश गुण होतो. ज्या प्रश्नांना पर्यायच नसतात, त्यांत तर काहीच वजा होत नाही, आणि तरीही काढलेले उत्तर खात्री नाही म्हणून न भरणारे अनेक जण असतात.

सीईटीत नेमकी उलट चूक

कॅटसाठी अंगी बाणवलेला हा सोडून देण्याचा संयम सीईटीत महागात पडतो. पाच पर्याय असले आणि वजा गुण नसले, की दहा प्रश्न कोरे ठेवणे म्हणजे सरासरी दोन गुण फुकट घालवणे होय. शेवटची दोन-तीन मिनिटे उरलेल्या खुणा भरण्यासाठीच राखून ठेवावीत. शिवाय आकृत्यांच्या मालिकांचे २५ प्रश्न कॅटमध्ये नसतातच. त्यांचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये, कारण आकृतीतले फिरणे, उलटणे आणि घटकांची वाढ-घट एका नजरेत दिसू लागायला रोजची पंधरा मिनिटे आणि बरेच दिवस लागतात.

मॉकचे (सराव परीक्षेचे) गुण अडकले असतील तर

गुण वाढत नाहीत म्हणून आणखी मॉक देणे हा सर्वांत सामान्य, आणि बहुतेक वेळा निरुपयोगी, उपाय आहे. प्रत्येक मॉकनंतर किमान मॉकइतकाच वेळ पेपर पुन्हा उलगडण्यात घालवावा आणि गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे : पद्धत ठाऊक नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की हात लावायलाच नको होता. पहिल्या कारणावर अभ्यास हा उपाय आहे, दुसऱ्यावर पाढे, वर्ग आणि अपूर्णांकांची टक्केवारी. चौथ्या कारणावर मात्र कोणतेही पुस्तक कामाला येत नाही, तिथे फक्त निवड सुधारावी लागते.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण थोडी वेगळी असते. ते शब्दांच्या याद्या पाठ करतात, पण कॅटच्या इंग्रजी विभागातले बहुतेक प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि तिथे शब्दसंग्रहापेक्षा लेखकाचा युक्तिवाद धरून ठेवणे महत्त्वाचे ठरते. मनात मराठी भाषांतर करत वाचल्याने वेळ जातो. त्याऐवजी परिच्छेद संपला की त्याचे सार एका मराठी वाक्यात सांगून पाहावे. उत्तर निवडताना ‘जगात हे खरे आहे का’ असे न विचारता ‘उताऱ्यात हे म्हटले आहे का’ असे विचारावे.

प्रमाणपत्रे

कागदपत्रांकडे निकाल लागेपर्यंत कोणी पाहत नाही. आयआयएमसाठी ओबीसी नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागते, राज्याच्या नमुन्यातले तिथे चालत नाही. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा प्रवर्गही राज्यापुरताच आहे. राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांत राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र मागतात आणि ते मिळायला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज परीक्षेच्या अभ्यासासोबतच टाकावा.