सरकवलेले नकाशे: जीआयएसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

भौगोलिक माहिती प्रणालीच्या, म्हणजे जीआयएसच्या, क्षेत्रातल्या पहिल्या नोकरीत मला मिळालेले काम दिसायला अगदी सरळ होते. जुन्या सर्वेक्षणाचे स्कॅन केलेले नकाशे संगणकावर घ्यायचे, चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश देऊन ते जागेवर बसवायचे आणि त्यांवरचे रस्ते, ओढे व हद्दी माउसने गिरवून प्रत्येकाचा वेगळा थर तयार करायचा. पहिला नकाशा गिरवून झाल्यावर मी त्यावर जीपीएसने गोळा केलेले बिंदू टाकले, तेव्हा सगळेच्या सगळे बिंदू रस्त्यापासून एकाच दिशेला, साधारण दीडशे मीटर बाजूला पडलेले दिसले. थर हलवण्याचे साधन मला येत होते, म्हणून डोळ्यांना जुळल्यासारखे वाटेपर्यंत मी तो थर सरकवला. असे एकामागून एक अकरा नकाशे मी सरकवले. बारावा शेजारच्या नकाशाला जोडायला घेतला, तेव्हा दोघांच्या सामाईक हद्दीवर कुठे फट पडली होती, तर कुठे चिंचोळ्या पट्ट्या एकमेकींवर चढल्या होत्या. एका वरिष्ठ सहकाऱ्यांना ते दाखवले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सरकवण्याआधी हे आकडे कशाच्या आधाराने मोजले आहेत, ते पाहिलंस का?"

मी पाहिले नव्हते. नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलेले होते.

पृथ्वी अचूक गोल नाही. त्यामुळे तिच्यावरची जागा आकड्यांत सांगण्यासाठी आधी ध्रुवांजवळ किंचित चपटा असलेला एक गणिती आकार गृहीत धरावा लागतो आणि तो पृथ्वीला नेमका कुठे टेकवला आहे, हे ठरवावे लागते. या ठरावाला डेटम म्हणतात. उपग्रहांच्या आधीच्या काळात निरनिराळ्या देशांच्या सर्वेक्षकांनी आपापल्या भूभागाला उत्तम बसणारे डेटम निवडले, आणि जीपीएस मात्र साऱ्या जगासाठी एकच असलेल्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर चालते. त्यामुळे जमिनीवरच्या एकाच खांबाचे अक्षांश-रेखांश दोन डेटममध्ये वेगळे येतात आणि हा फरक काही ठिकाणी शेकडो मीटरपर्यंत जातो. माझे बिंदूही बरोबर होते आणि नकाशेही बरोबर होते. नकाशाचा मूळ डेटम सॉफ्टवेअरला सांगून त्याच्याकडून रूपांतर करून घेतले असते, तर सगळे नकाशे सूत्राप्रमाणे हलले असते आणि शेजारच्या हद्दी आपोआप जुळल्या असत्या. मी प्रत्येक नकाशा अंदाजाने वेगवेगळा सरकवला आणि त्याची नोंदही ठेवली नाही, म्हणून ते काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

नवख्या माणसाने या क्षेत्रात सर्वांत आधी काय पक्के करावे, असे मला कुणी विचारले, तर मी बटणे आणि साधने बाजूला ठेवून निर्देशक प्रणालीपासून, म्हणजे जागेचे आकडे कोणत्या डेटमवर आणि कोणत्या पद्धतीने मोजले आहेत हे सांगणाऱ्या चौकटीपासून, सुरुवात करायला सांगेन. सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी दोन वेगळ्या आज्ञा असतात आणि नव्यांचा निम्मा गोंधळ या दोहोंतला फरक न कळल्यामुळे होतो. थराची निर्देशक प्रणाली ठरवणे ही पहिली आज्ञा. ती आकड्यांना हात लावत नाही, ते कोणत्या पद्धतीतले आहेत एवढेच सॉफ्टवेअरला सांगते. थराचे दुसऱ्या प्रणालीत रूपांतर करणे ही दुसरी आज्ञा, आणि ती प्रत्येक बिंदूचे आकडे नव्याने काढून नवी फाइल तयार करते. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली वस्तू बदलत नाही, हे घरात सर्वांना कळते. तरीही अंशांत मोजलेल्या थरावर मीटरच्या प्रणालीची चिठ्ठी लावून नकाशा कुठे नाहीसा झाला, म्हणून शोधत बसलेली माणसे मी दरवर्षी पाहते. अंशांतले ते छोटे आकडे मीटर म्हणून वाचले गेले, की सगळा प्रदेश एका खोलीएवढ्या जागेत गोळा होतो आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो.

आकडे नुसते पाहूनही बरेच कळते. ते १८० च्या आत असून दशांशचिन्हापुढे लांबलचक असतील, तर बहुधा अंश असतात. सहा आणि सात अंकी जोडी असेल, तर बहुधा यूटीएमसारख्या प्रणालीतले मीटर असतात. यूटीएममध्ये पृथ्वीचे प्रत्येकी ६ अंश रुंदीचे ६० पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या रेखावृत्ताला ५,००,००० मीटर ही किंमत दिलेली असते, म्हणजे पट्ट्यात कुठेही ऋण आकडा येत नाही. थर गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशावर, जाऊन बसला असेल, तर निर्देशकांचे रकाने रिकामे राहिले असण्याची शक्यता मोठी. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही तर रोजचीच गोष्ट आहे, कारण बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण जिओजेसनसारख्या फायलींमध्ये रेखांश आधी लिहितात.

मोजमापाचा प्रश्न यालाच लागून येतो. अक्षांशाचा एक अंश कुठेही सुमारे १११ किलोमीटरचा असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढा असला, तरी ६० अंश अक्षांशावर जवळजवळ निम्मा होतो. म्हणून अंशांतल्या थराभोवती ठरावीक अंतराचा पट्टा, म्हणजे बफर, काढला, तर जमिनीवर तो वर्तुळ राहत नाही. मीटर समजून तिथे ५०० हा आकडा टाकला, तर जगाबाहेर पोचणारा पट्टा मिळतो, आणि ही चूक निदान लपत तरी नाही. जास्त धोका वेब मर्केटर या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या एका रीतीचा, आहे. संकेतस्थळांवरचे बहुतेक नकाशे याच प्रक्षेपणात असतात आणि त्याचे एकक मीटरच असते, त्यामुळे आकडे खरे वाटतात. प्रत्यक्षात ६० अंश अक्षांशावर त्यात लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट भरते. क्षेत्रफळ काढायचे असेल, तर क्षेत्रफळ खरे राखणारे समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावे किंवा सॉफ्टवेअरला पृथ्वीच्या वक्र पृष्ठावर मोजायला सांगावे. आताचे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या प्रणालींतले थर पडद्यावर आपोआप एकमेकांवर बसवून दाखवते. त्याने सोय होते, पण पडद्यावर जुळलेले थर फायलीतही जुळलेले आहेत, असा गैरसमज तिथूनच रुजतो.

सदिश आणि चित्रांशी हे माहितीचे दोन प्रकार पुस्तकात पहिल्याच पानावर असतात, म्हणून त्यांबद्दल थोडक्यात सांगते. बिंदू, रेषा व बहुभुज यांनी बनलेली माहिती सदिश आणि चौकटींच्या जाळ्यात साठवलेली माहिती चित्रांशी. व्यवहारात आपण व्हेक्टर आणि रास्टर असेच म्हणतो. रास्टरबाबत एक इशारा मात्र देण्याजोगा आहे. रास्टरचे रूपांतर करताना चौकटींच्या किमती नव्याने ठरवाव्या लागतात. उंचीच्या रास्टरमध्ये शेजारच्या किमतींची सरासरी चालते, पण जमीनवापराच्या रास्टरमध्ये २ म्हणजे जंगल, ३ म्हणजे वस्ती आणि ४ म्हणजे पाणी असेल, तर त्यांच्या सरासरीतून ३ हा आकडा, म्हणजे कधी नसलेली वस्ती उगवते. वर्गवारीच्या रास्टरला नेहमी सर्वांत जवळच्या चौकटीची किंमत द्यावी. अचूकतेबद्दलही असेच भान हवे. १:५०,००० प्रमाणाच्या कागदी नकाशावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेष जमिनीवर २५ मीटर रुंद असते. तिच्यावरून गिरवलेला रस्ता पडद्यावर कितीही मोठा करून पाहिला, तरी त्याहून अचूक होत नाही.

आता फायलींकडे येऊ, कारण नोकरीतला खरा वेळ तिथेच जातो. शेपफाइल हा नव्वदच्या दशकातला प्रकार अजून सगळीकडे चालतो, पण नावाने एक असला, तरी तो फायलींचा संच आहे. आकार एका फायलीत, त्यांची अनुक्रमणिका दुसरीत, माहितीचा तक्ता तिसरीत, निर्देशक प्रणाली चौथीत आणि मजकुराची लिपीसंकेतप्रणाली बहुतेक वेळा पाचवीत असते. मी एकदा ईमेलने फक्त पहिली फाइल पाठवली होती आणि समोरच्यांनी फार सभ्यपणे "बाकीचे कुटुंब कुठे आहे?" असे विचारले होते. चौथी फाइल हरवली, की वर सांगितलेला सगळा गोंधळ सुरू होतो. पाचवी हरवली, की रोमन सोडून इतर लिपींतली गावांची नावे चौकटी आणि प्रश्नचिन्हांत बदलू शकतात. शिवाय स्तंभाच्या नावाला दहाच अक्षरांची मर्यादा आहे. पॉप्युलेशन या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये नेमकी दहा अक्षरे आहेत. त्यामुळे याच शब्दाने नाव सुरू होणारे, पुरुष आणि स्त्रिया यांच्या लोकसंख्येचे माझे दोन स्तंभ शेपफाइलमध्ये साठवल्यावर, एकाला शेवटी १ चा अंक लागला एवढा फरक सोडला, तर सारखेच दिसू लागले, आणि कोणता कोणाचा हे मूळ तक्ता उघडूनच समजले. नवे काम सुरू करताना जिओपॅकेज वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेने २०१४ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या या प्रकारात अनेक थर, त्यांची निर्देशक प्रणाली आणि लांब नावे एकाच फायलीत मावतात.

तक्ते जोडतानाची एक चूक इतकी सर्वत्र आढळते की ती सांगायलाच हवी. नकाशातील गावांना क्रमांक असतात आणि दुसऱ्या तक्त्यातील आकडेवारी त्या क्रमांकावरून जोडायची असते. स्प्रेडशीटमध्ये तो तक्ता उघडला, की ०४५२ हा क्रमांक संख्या समजला जाऊन ४५२ होतो, आणि मग जोडणी कुठलीही तक्रार न करता अर्धी रिकामी येते. असे क्रमांक नेहमी मजकूर म्हणून साठवावेत. जोडणी झाल्यावर किती ओळी रिकाम्या राहिल्या, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

माहिती वाढली आणि दोन-तीन माणसे एकाच थरावर काम करू लागली, की फायली पुरत नाहीत. आमच्या सामाईक फोल्डरमध्ये "अंतिम", "अंतिम नवे" आणि "अंतिम नवे खरे" अशा तीन फायली एका वेळी नांदत होत्या. त्यावरचा उपाय म्हणजे अवकाशीय, म्हणजे जागेशी निगडित, माहिती जाणणारा डेटाबेस. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसला जोडले जाणारे पोस्टजीआयएस हे मुक्त साधन २००१ पासून उपलब्ध आहे. कोणता बिंदू कोणत्या हद्दीत येतो, असा प्रश्न त्यात एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दोन ओळींत विचारता येतो. माझा असा पहिला प्रश्न संध्याकाळी सुरू करून दिला, तो सकाळीही चालूच होता, कारण मी अवकाशीय निर्देशांक, म्हणजे इंडेक्स, तयार केला नव्हता. निर्देशांक प्रत्येक आकाराभोवतीच्या चौकोनांची उतरंड रचतो, आणि त्यामुळे दूरच्या आकारांची तपासणी न करताच ते वगळले जातात. तो तयार केल्यावर तेच उत्तर चहाचा कप संपायच्या आत आले. स्वतःलाच छेदणारे बहुभुज असतील, तर क्षेत्रफळ आणि छेदन यांची उत्तरे चुकतात किंवा प्रक्रिया मध्येच थांबते, म्हणून डेटाबेसमध्ये भरण्याआधी आकारांची वैधता तपासून दुरुस्त करावी.

कोणते सॉफ्टवेअर शिकावे, या प्रश्नावर नवी मंडळी गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. क्यूजीआयएस हे विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे आणि २००२ पासून विकसित होत आले आहे. शिकण्यासाठी ते पुरून उरते. बऱ्याच मोठ्या कार्यालयांत एसरी कंपनीचे आर्कजीआयएस प्रो चालते. त्याची बटणे वेगळ्या जागी असली, तरी डेटम, प्रक्षेपण, जोडणी व निर्देशांक यांचे नियम तेच राहतात, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जायला फार वेळ लागत नाही. त्यापेक्षा एसक्यूएल आणि थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यांवर वेळ द्यावा, कारण एकच प्रक्रिया दोनशे फायलींवर हाताने करणारा माणूस शंभराव्या फायलीच्या आसपास चुकतोच.

नोकरीसाठी कामाचे नमुने तयार करताना रंगीत नकाशांचा संग्रह करण्याची हौस असते. ती पुरवावी, पण निदान एका नमुन्यासोबत एक पानभर नोंद जोडावी. माहिती कोठून व कोणत्या तारखेला घेतली, मूळ निर्देशक प्रणाली कोणती होती, रूपांतर कशात आणि का केले, किती ओळी जुळल्या नाहीत आणि त्यांचे काय केले, हे तिच्यात असावे. आता उमेदवारांच्या मुलाखतींना मीही बसते. नकाशाकडे आम्ही एक नजर टाकतो आणि त्यानंतरचे बहुतेक प्रश्न त्या पानावरूनच विचारतो. पान नसले, तर एकच प्रश्न उरतो, आणि तो मला बाराव्या नकाशाच्या वेळी विचारला गेला होता तोच असतो.