परसात लवचीक अस्तराचे तळे कसे करावे

घरामागे थोडी मोकळी जागा असेल, तर सिमेंटचा हौद बांधण्यापेक्षा अस्तर (पाणी न झिरपू देणारी लवचीक चादर) अंथरून केलेले तळे अधिक सोयीचे ठरते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यातला पक्का हौद पुढेमागे तडकतो. लवचीक अस्तर मात्र ही हालचाल बऱ्याच अंशी सोसते. खोदाई पावसाळा सरल्यावरच करावी, कारण भरपावसात जमिनीतले पाणी वर चढते आणि रिकाम्या खड्ड्यातले अस्तर खालून उचलले जाते.

जागा अशी निवडावी, की तेथे दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल. मोठ्या झाडाखाली पाला पडून पाणी कुजते, तर बांबूचे टोकदार कोंब अस्तर भेदू शकतात. अंगणातील सर्वांत सखल कोपराही टाळावा. पहिल्याच मोठ्या पावसात गढूळ पाणी तळ्यात शिरते.

शेततळ्यासाठी वापरला जाणारा ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद टिकाऊ असला तरी ताठ असतो आणि लहान तळ्याच्या वळणांवर नीट बसत नाही. परवडत असेल तर १ मिलिमीटर जाडीचे ईपीडीएम (एक लवचीक कृत्रिम रबर) घ्यावे. अस्तराची लांबी काढताना तळ्याच्या लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांसाठी मिळून ६० सेंटिमीटर मिळवावेत, रुंदीचेही तसेच. म्हणजे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल तळ्याला ४.८ × ३.८ मीटरचे अस्तर लागेल.

फक्कीने आकार आखून खोदायला घ्यावे. काठापासून २० ते ३० सेंटिमीटर खाली एक रुंद पायरी ठेवावी, म्हणजे काठावरच्या वनस्पतींच्या कुंड्या तिच्यावर बसतील. बाजू उभ्या न कापता किंचित उतरत्या ठेवाव्यात.

यापुढचे काम घाईने करू नये. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही बाजूंची पातळी तपासावी. पाणी स्वतः सपाटच राहते, त्यामुळे एक काठ ५ सेंटिमीटर उंच राहिला, तर तेवढे अस्तर कायम उघडे पडते आणि उन्हाने आधी तेच खराब होते. पातळी जुळल्यावर खड्ड्यातून हात फिरवून अणकुचीदार खडे, मुळांची टोके आणि काचांचे तुकडे वेचून काढावेत. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत हे विशेष जपून करावे. मग ५ सेंटिमीटर चाळलेली वाळू आणि तिच्यावर जिओटेक्स्टाइल (अस्तराखाली घालायचे जाड कृत्रिम कापड) पसरावे. गोणपाट स्वस्त पडते, पण ते काही काळाने कुजते.

अस्तर थोडा वेळ उन्हात ठेवल्यास मऊ होते. ते दोघा-तिघांनी उचलून सैलसर अंथरावे, कडेला दगड ठेवावेत आणि पाणी हळूहळू सोडावे. पाणी चढत असताना घड्या हातांनी एका दिशेला दाबाव्यात, आणि अस्तर ताणले जाऊ लागले की दगड सैल करावेत. तळे पूर्ण भरेपर्यंत कडा कापू नयेत. शेवटी कडा शहाबादी फरशीखाली नेऊन फरशीच्या मागे उभी वळवावी. ती पाण्याच्या पातळीच्या वर राहिली नाही, तर लगतची माती पाणी शोषत राहते आणि तळे गळत असल्याचा समज होतो. कापून उरलेले तुकडे पुढे ठिगळासाठी जपून ठेवावेत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून काही दिवस थांबून मगच मासे सोडावेत. कुमुद, वेखंड, ब्राह्मी या वनस्पती कुंड्यांतून लावाव्यात; जलपर्णी मात्र लावूच नये. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते, त्यामुळे मासे नसलेले तळे दुर्लक्षित ठेवणे शेजाऱ्यांच्याही जिवावर बेतू शकते. गप्पी मासे अळ्या खातात, पण ते मूळचे आपल्याकडचे नाहीत. म्हणून जादा पाणी वाहून जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी, म्हणजे ते ओढ्यात पोहोचणार नाहीत. घरात लहान मूल असेल, तर पाणी भरण्यापूर्वीच तळ्याभोवती कुंपण घालावे.