पाच इंची इंजिन: घेण्याआधीपासून पहिल्या फेरीपर्यंतची तयारी

मागे बसून हाकता येणारं, खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर धावणारं छोटं इंजिन घ्यायचं मनात असेल तर आधी इंजिन बघायला जाऊ नका, अशी इंजिनं चालवणाऱ्यांचा क्लब बघा. इंग्लंडात असे क्लब बऱ्याच गावांत आहेत. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली काढलं, इतका हा छंद इथे जुना आहे. क्लबात गेल्यावर पहिला प्रश्न रुळांचा विचारा. जमिनीपासून उचललेल्या रुळांवर बहुतेक ठिकाणी साडेतीन आणि पाच इंची गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, शेजारीशेजारी असतात. जमिनीलगतचे रूळ बहुधा सव्वासात इंची. माझं मत विचाराल तर पहिलं इंजिन पाच इंचीच घ्या. साडेतीन इंचीची आग इतकी लहान की नवख्याच्या हातून जरा दुर्लक्ष झालं की विझते, आणि सव्वासात इंची हलवायचं म्हणजे ट्रेलर आणि चार माणसं. अमेरिकेत असाल तर गेज आणखी नीट विचारून घ्या. ईशान्येकडे सव्वासात इंची चालतो, पश्चिमेकडे साडेसात. त्या पाव इंचापायी न्यू जर्सीतलं इंजिन कॅलिफोर्नियाच्या रुळांवर बसत नाही.

इंजिन जुनंच घ्याल, आणि ते बरंही. मार्टिन इव्हान्स यांच्या आराखड्यावरचं ‘सिम्प्लेक्स’ विक्रीला येत असतं. टँक इंजिन आहे, म्हणजे पाण्याची टाकी इंजिनावरच; सुटे भाग करायला सोपं, आणि त्याच्या खोड्या माहीत असलेला कुणीतरी क्लबात भेटतोच. विकणारा रंग दाखवेल, पितळेची झिलई दाखवेल, शिट्टीही वाजवून दाखवेल. तुम्ही बॉयलरचे कागद मागा. नव्या बॉयलरमध्ये थंड पाणी भरून कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देतात, म्हणजे दर चौरस इंचाला ८० पौंड दाबावर चालणारा बॉयलर १६० पौंडांना तपासलेला हवा. पुढच्या तपासण्या दीडपट दाबाला होतात. शिवाय वाफेवरची तपासणी वेगळी: आग जोरात पेटवून ठेवायची आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडल्यावर दाब ठरल्या मर्यादेच्या एक दशांशाहून जास्त वर चढत नाही ना, हे बघायचं. प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर क्लब इंजिन रुळावर ठेवूच देणार नाही, कारण विम्याचा प्रश्न असतो. कागदच नसतील तर इंजिन कितीही देखणं असो, किंमत बॉयलर सोडून उरलेल्या भागांचीच धरा. नवा तांब्याचा बॉयलर करून घेणं हा या छंदातला सगळ्यात मोठा खर्च आहे.

कोळशाची तजवीज आठवडाभर आधी करा. एके काळी डोळे मिटून वेल्सचा वाफेचा कोळसा आणत. तिथली फॉस-इ-फ्रानची खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाल्यापासून ते सुख संपलं. आता कुणी अँथ्रासाइट हा कठीण, कमी धुराचा कोळसा जाळतो, कुणी मिश्रण, आणि ज्याला त्याला आपलंच खरं वाटतं. क्लबात जे चालतं तेच आणा. खडे मात्र वाटाण्याएवढेच हवेत. आग पेटवायला लागणारा लोणारी कोळसा आदल्या रात्री झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये भिजत घाला. नळाचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी गाळून न्या, क्षार बसला की बॉयलरच्या आत हात घालून खरवडता येत नाही.

पिशवीत जाड हातमोजे, चिंध्या, बॉयलरमधल्या धुराच्या नळ्यांचा ब्रश, छोटं फावडं, आग चाळवायची सळई, नट आवळायचे पाने, बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची एक जास्तीची नळी, आणि तेलाच्या दोन बुधल्या. दोन का, तर सिलेंडरला लागणारं स्टीम ऑइल घट्ट असतं आणि वाफेत टिकतं. सांध्यांना आणि बेअरिंगना साधं तेल. एकाची जागा दुसऱ्याला देऊ नका.

सकाळी पहिलं काम पाण्याचं. काचेत निदान अर्ध्यावर पाणी दिसल्याशिवाय काडी ओढायची नाही. इथे एक गोम आहे. छोट्या इंजिनाची काच इतकी बारीक असते की तिच्यात पाणी अडकून बसतं, बुडबुडा राहतो, आणि पातळी खोटी दिसते. म्हणून दाब आल्यावर खालचा कॉक क्षणभर उघडून काच फुंकून घ्या. पाणी खाली जाऊन झटकन परत वर आलं तर खरं. रेंगाळत आलं तर वाट कुठेतरी बुजली आहे. हातपंपही आत्ताच चालवून पाहा. वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर पाणी कोमट झालं की रुसतो, आणि तेव्हा हातपंपच तारून नेतो.

मग नळ्या ब्रशने साफ, सिलेंडरला तेल पुरवणारा ल्युब्रिकेटर भरलेला, धुराड्याखालच्या स्मोकबॉक्सचं दार घट्ट. तिथून हवा शिरली तर आग ओढ घेत नाही. आगीला ओढ मिळावी म्हणून धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवा, भिजवलेला लोणारी कोळसा आत टाका, पेटवा. निखारे लाल झाले की दगडी कोळसा थोडा थोडा. दाबाचा काटा २०-३० पौंडांवर आला की पंखा काढा आणि इंजिनाचाच ब्लोअर उघडा; तो वाफेच्या झोताने तीच ओढ देतो. सेफ्टी व्हॉल्व्ह सुटेपर्यंत थांबा, तो ठरल्या दाबालाच सुटतो ना ते बघून घ्या.

निघताना सिलेंडरचे ड्रेन कॉक, म्हणजे पाणी बाहेर सोडणारे कॉक, उघडे हवेत. थंड सिलेंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. घाईने सिलेंडरला वाफ सोडणारा रेग्युलेटर ओढला तर दट्ट्याचा दांडा वाकायचा. फसफस थांबून कोरडी वाफ आली की कॉक बंद करा. पहिली फेरी रिकामी मारा, क्लबातला जाणता माणूस मागे बसवून. मुलांना बसवायचं ते नंतर.

परतल्यावर लगेच आवरायला घ्या. आग खाली पाडा, राख काढा, दाब बराच उतरला की बॉयलरचं पाणी सोडा, स्मोकबॉक्समधली काजळी झाडा, गरम असतानाच पुसून तेल लावा. ऑक्टोबरनंतर इंजिन गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर पंप, इंजेक्टर आणि पाण्याच्या नळ्यांतलं पाणीही आठवणीने काढा. तिथे राहिलेलं पाणी गोठलं की पितळ तडकतं.