टोमॅटोची मर आणि ट्रायकोडर्मा : या चुका टाळा

मर रोगाने झाडांनी माना टाकल्यावर ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची पुडी आणायला धावणे, ही आमच्या जुन्नर तालुक्यातील टोमॅटोच्या प्लॉटमध्ये दर हंगामात दिसणारी चूक आहे, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी चूक हमखास होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या शेजाऱ्याचा प्लॉट ऐन फुलोऱ्यात मरू लागला. त्यांनी ठिबकमधून ट्रायकोडर्मा सोडला, चार दिवसांत फरक दिसेना म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे त्याचे द्रावण मुळांशी ओतले, आणि आठवड्याने ‘माल बोगस निघाला’ असे सांगत माझ्याकडे आले. मी एक झाड उपटून खोड उभे चिरले, तेव्हा सालीखाली तपकिरी रेषा मुळापासून वरपर्यंत चढलेल्या होत्या. फ्युजेरियम बुरशी पाणी वाहणाऱ्या नलिकांत शिरली होती, आणि तिथे आता ट्रायकोडर्माचे काही चालणार नव्हते. त्याचे काम मुळांभोवतीच्या मातीत चालते. तो रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालतो, विकरांनी (एन्झाइमनी) त्यांची भित्तिका विरघळवतो आणि जागा व अन्न आधीच ताब्यात घेतो. शिवाय कार्बेन्डाझिम त्यालाही मारते, म्हणजे चार दिवसांपूर्वी घातलेले पैसे त्यांनी स्वतःच्या हाताने मातीत घालवले होते. ट्रायकोडर्मा दिलेल्या बेडवर मी कार्बेन्डाझिम नेतच नाही.

माझी पद्धत संथ आहे आणि घाई करणाऱ्यांना ती आवडत नाही. लागवडीच्या पंधरा दिवस आधी 100 किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात 2 किलो ट्रायकोडर्मा मिसळून मी सावलीत ढीग करतो, ओल्या गोणपाटाने झाकतो आणि दर तीन-चार दिवसांनी उलथवतो. मुठीत आवळल्यावर खताचा लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतकाच ओलावा ठेवावा. ढिगावर हिरवट बुरशी धरली की ते खत वाफशावर (ना चिखल, ना कोरडी अशा मातीच्या ओलीवर) असलेल्या बेडमध्ये मिसळतो. ताजे शेण वापरू नये, कारण ते तापते. गूळ-बेसनाच्या बंद ड्रममध्ये ट्रायकोडर्मा ‘वाढवण्याचा’ जो शॉर्टकट सध्या चालतो, त्यात वाढते ते बहुधा दुसरेच काही, आणि त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

पुडीवरची अंतिम तारीख न पाहणे आणि पुड्या पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवणे, या चुका तर अक्षम्य आहेत. बेडवर पाणी साचत असेल, तर आधी निचरा सुधारावा.

मर नेमकी कोणती, हेही अनेक जण पाहत नाहीत. पाने हिरवी असतानाच झाड एकाएकी कोमेजले, तर खोडाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टोक बुडेल असा उभा धरावा. काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर आहे आणि तिथे ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. असे झाड मी मुळाभोवतीच्या मातीसह काढून शेताबाहेर नेतो, आणि त्या जागी पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेत नाही.